दोन रंगांच्या मधली जागा

एकच जागा एकाच वेळीं दोघांची असूं शकते काय, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या पुस्तकांत फार सोपा करून सोडविलेला आढळतो. दोन वर्तुळें एकमेकांवर थोडीं सरकवून काढावीं. मधल्या भागास छेद म्हणावें. आणि त्या भागांत जें आहे तें पहिल्या वर्तुळांतही आहे व दुसऱ्यांतही आहे असें सांगून पुढील धड्याकडे वळावें. ऑयलर या गणितज्ञानें एका जर्मन राजकन्येस लिहिलेलीं पत्रें १७६८ पासून ग्रंथरूपानें प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांत त्यानें वर्तुळांच्या साह्यानें तर्क शिकविला आहे. पुढें १८८० मध्यें जॉन व्हेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञानें अशा आकृतींची पद्धति व्यवस्थित मांडली, आणि आज आपल्या मुलांच्या गणिताच्या पुस्तकांत त्या व्हेन-आकृति या नांवानें येतात. तेथें कोणाचेंही भांडण नाहीं. कागद पांढरा, रेषा काळी, आणि मधल्या जागेवर दोन्ही वर्तुळांचा सारखाच अधिकार.

रेषा काढून झाल्यावर मनुष्य जेव्हां रंग हातीं घेतो, तेव्हां मात्र प्रश्नाचें स्वरूप पालटतें. रेषा मर्यादा दाखविते. रंग त्या मर्यादेच्या आंत कोणाचें राज्य आहे तें सांगतो. दोन आकृतींस दोन रंग दिले, तर मधल्या जागेस कोणता द्यावा? हा प्रश्न चित्रकाराच्या हौसेचा दिसतो खरा, परंतु तो न्यायाचा आहे असें आम्हांस वाटतें. तो आमच्या ध्यानांत आला तो ग्रंथ वाचून नव्हे, तर भंडारा जिल्ह्यांतील एका तळ्याचा नकाशा रंगविला जात असतांना.

भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. वैनगंगेच्या या धानाच्या मुलुखांत गांवोगांव जुनीं तळीं आहेत. त्यांतील पुष्कळशीं गोंड राजांच्या आमदानींत, विशेषतः कोहळी समाजाच्या कष्टानें व कौशल्यानें बांधलीं गेलीं. पुढें तीं मालगुजारांच्या ताब्यांत होतीं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट होऊन १९५१ मध्यें मालगुजारांचे हक्क सरकारकडे आले, आणि तेव्हांपासून या तळ्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ असें लांबलचक नांव पडलें. लोकांनीं त्याचें ‘मामा तलाव’ असें सुटसुटीत रूप करून घेतलें आहे. मालगुजार गेला आणि मामा राहिला, असें कोणी विनोदानें म्हटल्यास तें अगदींच चुकीचें होणार नाहीं.

अशा तळ्याचा एक संवत्सर पाहिला म्हणजे आमच्या प्रश्नाचें बीज कळून येईल. आषाढ-श्रावणांत पाणी पाळीपर्यंत चढतें. ढिवरांचे डोंगे त्यावर फिरतात आणि मासेमारी संस्थेचें मत्स्यबीज त्यांत वाढतें. पावसानें ओढ दिली कीं पाळीखालच्या बांध्यांतील धानास हेंच पाणी द्यावें लागतें. दिवाळीनंतर पाणी हळूहळू मागें सरकतें, आणि कांहीं तळ्यांच्या काठची ओली, गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यांत गाळपेर होते. म्हणजे भाद्रपदांत जेथें जाळें पडलें तेथेंच माघांत पीक उभें राहतें. आतां ही काठची पट्टी तळें म्हणावी कीं शेत? तळें म्हटलें तर तींत पेरणारा आगंतुक ठरतो; शेत म्हटलें तर पुढील पावसाळ्यांत तेथें जाळें टाकणारा आगंतुक ठरतो. वास्तविक दोघेही आपापल्या ऋतूंत तेथील जुने रहिवासी आहेत.

आमच्या परिचयाचा एक तरुण अशाच एका तळ्याचा नकाशा संगणकावर तयार करीत होता. त्याचें साधन ‘आर’ नांवाची संगणकभाषा. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनीं १९९० नंतरच्या दशकांत ती घडविली, आणि संख्याशास्त्राचे आलेख काढण्यासाठीं ती आज जगभर वापरली जाते. तींत चित्र हातानें काढावयाचें नसतें. आकृतीच्या कोपऱ्यांचे अंक द्यावयाचे व कोणत्या रंगानें भरावी याची आज्ञा लिहावयाची. त्या तरुणानें पावसाळ्यांतील भरल्या तळ्याची सीमा घेतली व तीस निळा रंग दिला. नंतर माघांतील पेरलेल्या जमिनीची सीमा घेतली व तीस पिवळा दिला. पडद्यावर चित्र उमटलें तों तळ्याचा कांठ नाहींसा झालेला! जेथवर पीक होतें तेथवर सगळें पिवळें. त्यानें आज्ञांचा क्रम उलटा केला, त्याबरोबर तळें सबंध झालें आणि काठचें शेत बुडालें.

यांत यंत्राची चूक नव्हती. यंत्राचा नियम इतकाच कीं जें मागाहून काढलें तें वर बसतें व खालचें झांकतें. भिंतीस दुसरा हात दिला कीं पहिला दिसेनासा होतो, तसेंच हें. परंतु नकाशा पाहणाऱ्यास हा क्रम दिसत नाहीं. त्यास फक्त पिवळा अथवा निळा दिसतो, आणि वस्तुस्थिति तशीच आहे असें तो समजतो. एका ओळीच्या मागेंपुढें होण्यानें एका बाजूचा हक्क कागदावरून पुसला गेला, आणि तो पुसण्याचा निर्णय कोणीही घेतला नव्हता! आम्हांस भय वाटतें तें या गोष्टीचें. अन्याय करावयाचा म्हणून जो केला जातो त्यास निदान कर्ता असतो; त्यास जाब विचारतां येतो. क्रमानें घडून आलेल्या अन्यायास कर्ता सांपडत नाहीं.

तो नकाशा पाहण्यास गांवांतील एक वृद्ध ढिवर बसला होता. दोन्ही चित्रें त्यानें शांतपणें पाहिलीं आणि तो म्हणाला, “बाबू, हे जागा तं दोघायची आहे. आमचा डोंगा अन् यायचा नांगर एकाच जाग्यावर चालते. तुमी एकाले बुडवता अन् एकाले काढता.” ऑयलरनें राजकन्येस जें वर्तुळांनीं समजाविलें, तेंच त्या वृद्धानें डोंगा व नांगर यांनीं समजाविलें.

यावर त्या तरुणानें दुसरा उपाय केला, आणि तो आजकाल सर्वत्र प्रचारांत आहे. त्यानें दोन्ही रंग अर्धपारदर्शक केले. संगणकाच्या चित्रांत प्रत्येक रंगास दाटपणाचा एक अंक देतां येतो. एक म्हणजे पूर्ण दाट, शून्य म्हणजे अदृश्य. एकावर एक ठेवलेल्या अशा चित्रांचा हिशेब कसा करावा याचे नियम पोर्टर व डफ या दोघांनीं १९८४ मध्यें पद्धतशीर मांडले. दोन्ही रंग निम्मे दाट केल्यावर काठची पट्टी हिरवट दिसूं लागली. दोघेही दिसतात, कोणी कोणास झांकीत नाहीं. समेट झाला असें वाटून आम्हांस समाधान झालें.

हें समाधान फार टिकलें नाहीं. हिशेब करून पाहिला तेव्हां कळलें कीं या समेटांतही वरचा-खालचा भेद शिल्लकच आहे. वरचा रंग निम्मा दाट. म्हणून मधल्या जागेच्या रंगांत त्याचा वांटा निम्मा. उरलेल्या निम्म्यांतून खालचा रंग दिसतो, आणि तोही निम्मा दाट असल्यामुळें त्याच्या वांट्यास येतो केवळ पाव. राहिलेला पाव कागदाच्या पांढऱ्याचा. अर्थात् दोघांस सारखेंच माप दिलें असतां मागाहून आलेल्यास दुप्पट मिळालें! क्रम उलटा करा, तर दुप्पट वांटा दुसऱ्याकडे जातो. पहिल्या चित्रांतील अन्याय उघड होता. या दुसऱ्या चित्रांतील अन्याय सौजन्याचा वेष घेऊन आला आहे. आपल्या समाजांतील कित्येक तडजोडी अशाच असतात. दोन्ही पक्षांस सारखेंच बोलूं दिलें असें आपण म्हणतों. शेवटचा शब्द कोणाचा होता हें मात्र विचारीत नाहीं.

आणखी एक दोष आहे. दोन निम्मे दाट रंग एकावर एक आले कीं मधली जागा पाऊण दाट होते, म्हणजे दोहोंपेक्षां गडद. डोळ्याची जुनी खोड अशी कीं गडद दिसेल तें अधिक समजावयाचें. काठच्या पट्टींत पाणी अधिक आहे असें नव्हे, पीक अधिक आहे असेंही नव्हे. तिला दोन नांवें आहेत इतकेंच. परंतु पाहणारा म्हणतो, ‘येथें कांहीं तरी जास्त आहे.’ कधीं कधीं हें खरेंही असतें. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस महापूर आला आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्या पाण्याखालीं गेल्या. पाण्याचा विस्तार व घरांचा विस्तार अशा दोन आकृति काढल्या, तर त्यांच्या छेदांत जें आहे तें खरोखरीच दोहोंहून अधिक आहे, कारण तेथें माणसांवर संकट आहे. ती जागा गडदच असली पाहिजे. मग एकच गडदपणा तळ्याच्या काठीं सामाईक हक्क दाखवितो आणि नदीच्या काठीं संकट दाखवितो. कोठें काय समजावें हें रंग सांगत नाहीं. तें माणसानें सांगावें लागतें.

ही गोष्ट केवळ नकाशांची असती तर आम्ही वाचकांस इतका वेळ तिष्ठत ठेवलें नसतें. परंतु माणसेंही आकृतींच्या छेदांत राहतात. भंडाऱ्याकडच्या पोवार कुटुंबांत घरीं पोवारी, शाळेंत मराठी आणि बाजारांत प्रसंगानुसार हिंदी बोलणें ही नित्याची गोष्ट आहे. यांच्यांतील मूल मराठी किती व हिंदी किती? आपल्या जनगणनेंत मातृभाषेसाठीं एकच जागा असते. तिच्याखेरीज येत असलेल्या दोन भाषांची नोंद निराळी होते, ही त्या पद्धतीची उदारता मान्य केली पाहिजे. तथापि कोष्टकें छापलीं जातात तेव्हां पोवारी ही हिंदीच्या सदराखालीं जमा होते. त्या सदरांत पोवारी बोलणाऱ्यांचा आंकडा वेगळा पाहतां येतो हें खरें. पण बेरजेवरून जो नकाशा रंगविला जातो त्यांत त्या घराचा रंग एकच. १९०५ मध्यें ग्रिअर्सनच्या भाषापाहणीचा मराठीचा खंड निघाला, त्यांत हळबी बोलीस स्थान दिलें गेलें, कारण कोठें तरी तें देणें भागच होतें. परंतु ती मिश्र बोली आहे हें सांगण्यास तो ग्रंथ विसरला नाहीं. वर्गीकरण करणें हा दोष नव्हे. वर्गीकरण केलें आहे हें लपविणें, हा दोष.

येथें कोणी व्यवहारी गृहस्थ म्हणतील, ‘हें सर्व ठीक, पण काम चालावयाचें तर जागा कोणा तरी एकाची ठरविलीच पाहिजे. पाणी सोडण्याचें तोंड आज उघडावयाचें कीं आठ दिवसांनीं, हें हिरवट रंगानें ठरत नाहीं.’ हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. धान वाळूं लागलें असतां शेतकऱ्यानें तत्त्वचर्चा ऐकत बसावें असें सांगणें क्रूरपणाचें होईल. आणि पाणी अगदीं तळाशीं गेलें तर ढिवराच्या घरीं चूल पेटावयाची नाहीं, हेंही तितकेंच खरें. निर्णय हा घ्यावाच लागतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं निर्णय हा निर्णय म्हणून दिसला पाहिजे. ‘या साली आम्ही धानास आधीं पाणी दिलें व मासळीचें नुकसान पत्करलें’ असें जो उघड म्हणतो, त्यास पुढल्या साली प्रश्न विचारतां येतो. ‘नकाशांत ती जागा शेतच आहे’ असें जो म्हणतो, त्यास कांहींच विचारतां येत नाहीं, कारण निर्णय झाल्याचाच तेथें मागमूस नाहीं. पहिल्यानें शेजाऱ्याचें नुकसान केलें, पण त्याचें अस्तित्व मान्य केलें. दुसऱ्यानें शेजारीच नाहींसा केला.

उलट बाजूनेंही एक आक्षेप येऊं शकेल: जगांत सर्वच कांहीं एकमेकांत मिसळलेलें आहे, तर मर्यादा तरी कशाला काढावयाच्या? हें बोलणें उदार वाटतें, पण तें आम्हांस पटत नाहीं. दोन सीमा स्वच्छ काढल्यावांचून छेद दिसूंच शकत नाहीं. तळें कोठवर भरतें हें ज्यानें नीट मोजलें नाहीं, त्यास काठची पट्टी दोघांची आहे हें कळणार कोठून? शिवाय दोन निरनिराळ्या मोजण्यांत थोडा फरक राहिला म्हणजे नकाशावर खोटे छेदही उत्पन्न होतात. वितभर रुंदीच्या जागेवर दोन गांवांची नांवें पडतात आणि वास्तविक वाद नसतां वाद दिसतो. सीमा काढण्याचें काम निष्ठेनें केलें म्हणजेच सामाईक काय आहे तें निष्ठेनें सांगतां येतें. सर्वांस एकाच धूसर रंगांत बुडविणें ही समता नव्हे.

शिवाय छेद तरी किती दाखवावयाचे यालाही मर्यादा आहे. दोन आकृतींनीं तीन जागा होतात, तीन आकृतींनीं सात, चारांनीं पंधरा, पांचांनीं एकतीस. चार वर्तुळें कशींही मांडलीं तरी या पंधराही जागा त्यांतून निघत नाहींत, हें गणितानें सिद्ध आहे. त्यासाठीं व्हेननें लंबवर्तुळें वापरलीं. धर्म, भाषा, जात, गांव, धंदा हीं पांचच वर्तुळें घेतलीं तरी एकेक मनुष्य त्या एकतीस जागांपैकीं कोठें ना कोठें उभा असतो, आणि एकतीस रंग ओळखणारा डोळा अद्याप जन्मावयाचा आहे. तेव्हां कांहीं गाळावें लागणारच. परंतु काय गाळलें हें चित्राखालीं एका ओळींत लिहिण्यास किती जागा लागते? तेवढी ओळ लिहिणें हीच चित्र काढणाराची नीति, असें आम्ही समजतों.

मग त्या तळ्याच्या नकाशाचें काय झालें? त्या तरुणानें अखेर रंग भरणेंच सोडून दिलें आणि जुन्या नकाशे काढणारांची पद्धति उचलली. तळें डावीकडे कललेल्या तिरप्या रेघांनीं भरलें, शेत उजवीकडे कललेल्या रेघांनीं. ‘आर’ भाषेंत रेघांची दाटी व त्यांचा कोन सांगून अशी आकृति भरण्याची सोय आहे. काठच्या पट्टींत दोन्ही रेघा एकमेकींस छेदीत गेल्या व तेथें जाळी झाली. कोणती आधीं काढली व कोणती मागाहून, यानें आतां कांहींच बिघडलें नाहीं. दोन्ही रेघा शेवटपर्यंत सबंध दिसत होत्या. पुढें जाऊन त्यानें त्या पट्टीचा आकार गणितानें स्वतंत्र काढला, तिला स्वतंत्र सीमा दिली, आणि तिच्यावर शब्द लिहिले: ‘पावसाळ्यांत तळें, हिंवाळ्यांत शेत’. ज्या जागेस आजवर दोन दावेदार होते पण स्वतःचें नांव नव्हतें, तिला नांव मिळालें.

त्या नांवानें तेथील वाद मिटला असें आम्ही म्हणत नाहीं. पाणी कधीं सोडावें हा प्रश्न पुढील वर्षींही निघेल, आणि ज्या वर्षीं पाऊस कमी त्या वर्षीं तो कडवटपणानें निघेल. नकाशा न्याय देत नाहीं. परंतु न्याय मागण्यास जो मनुष्य येणार, त्याची जागा तरी त्यानें पुसूं नये. इतकी अपेक्षा त्याच्याकडून करणें अवास्तव नाहीं.

याच जिल्ह्यांत मोहाडी-आंधळगांवाकडे कोशाचें कापड विणलें जातें. मागावर उभा दोरा एका रंगाचा व आडवा दुसऱ्याचा घेतला कीं धूपछांव कापड तयार होतें. इकडून पाहिलें तर एक रंग, तिकडून पाहिलें तर दुसरा. त्यांत असें एकही ठिकाण नसतें कीं जेथें उभा दोरा निम्मा झाला अथवा आडव्यानें आपली जागा सोडली. दोन्ही दोरे जागोजाग पुरते असतात, म्हणूनच कापड टिकतें. दोघांच्या हक्कांत असलेली जमीन आणि दोन भाषांत वाढलेलें मूल यांना निम्मेंनिम्में समजण्याची आपली संवय सुटेल तेव्हां सुटो. तोंवर, ज्याच्या हातीं रंग आहे त्यानें तो भरण्यापूर्वीं एकदां मागें वळून, आपण कोणास खालीं ठेवीत आहों, एवढें पाहिलें तरी पुष्कळ होईल.